चौथ्या दिवसाचा हात

दांडी,
२१ नोव्हेंबर १९६५

चंद्रे,

पत्र फाडायच्या आधी खालची सही बघितली असशील. बघूनही वाचते आहेस तर आणखी चार ओळी वाच, मग हवं तर चुलीत घाल. सहा वर्षांत तुला एक अक्षर लिहिलं नाही आणि आता लिहिते ती कामापुरती, हे आधीच कबूल करते. तू असतीस तर दोन पानं गोड बोलून मग कामावर आली असतीस. मला ते शाळेतही जमलं नाही.

काम असं की मला दुसरी मुलगी झाली. भाद्रपदात झाली, आता अडीच महिन्यांची आहे. सासूबाई रोज सकाळी उठल्या की तेच सुरू करतात. "पोरीचे कान कवा टोचायचे? संक्रांत आली की झालं. आमच्या घरात असं कदी झालं नाय." हे काही बोलत नाहीत. यांचं सगळं बोलणं होडीवर संपतं, घरी येईस्तोवर उरत नाही.

परवा मी बोईसरला त्या बाजारातल्या सोनाराकडे गेले. माझ्या आधी अणुविजेच्या कामावरचा एक मजूर पोराला घेऊन बसला होता. सोनारानं त्या पोराचा कान टोचला, सुई धोतराला पुसली आणि मला म्हणाला, "आणा इकडं." मी विचारलं, सुई जाळून घेत नाही का? तर म्हणतो, "बाई, तीस वर्षं टोचतोय, मला शिकवू नका." वर तार दाखवली ती चौदा कॅरेटची. सरकारनं चोख सोनं बंद केल्यापासून तीच मिळते म्हणे. त्यात तांबं किती कोण जाणे. मी मुलीला उचललं आणि बाहेर आले. तो मागून काहीतरी बोलला, मी ऐकलं नाही.

म्हणून विचारते. तुझी आई अजून कान टोचते का? माझे, तुझे, अर्ध्या दांडीचे कान साखरमावशीच्या हातचे आहेत आणि एकालाही कधी पू झाला नाही. आमच्या शकूचं तेवढं वेगळं. शकू आता पहिलीत जाते. डाव्या कानाला पाळी नाही, मी त्या बाजूचे केस सोडून वेणी घालते. जे झालं ते झालं. कोणाचं चुकलं हे आता उगाळून काय मिळणार आहे? मावशीची तब्येत कशी आहे तेवढं कळव.

पुष्पलता

·

दांडी,
८ डिसेंबर १९६५

चंद्रे,

तुझं उत्तर नाही. पण तुझी वाणगावची शेजारीण बोईसरच्या बाजारात भेटली, ती म्हणाली पत्र आलंय, तू वाचलंस आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवलंस. म्हणजे चुलीत घातलं नाहीस. तेवढ्या जोरावर दुसरं लिहिते.

मी पालघरला जाऊन आले. तिथे एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर कान टोचून देतो. माणूस चांगला, खोटं कशाला बोलू. स्टोव्हवर भांड्यात सुया उकळत होत्या. त्यानं साबणानं हात धुतले, स्वच्छ फडक्याला पुसले. मी त्याची नखं बघितली, कापलेली होती. मग मी त्याला विचारायला लागले. ही सुई आज कोणाला वापरली का, दोरा घालता की तार, तेल कसलं, ताप आला तर काय. सगळ्याची उत्तरं दिली बिचाऱ्यानं. शेवटी हसून म्हणाला, "बाई, कान टोचायला आलात की मुलीसाठी स्थळ बघायला?"

मलाही हसू आलं. मुलीला मांडीवर घेऊन बसले. तो सुई उचलता उचलता म्हणाला, "माझं काम दोन मिनिटांचं. पुढचं तुमच्या हातात. दिवसातून दोनदा तेल लावून तार तुम्हीच फिरवायची."

मी उठले. म्हटलं, मुलीचं अंग गरम लागतंय, पुढच्या आठवड्यात येते. अंग गरम नव्हतं. का उठले ते मला विचारू नको.

मावशीचं तसं नव्हतं. टोचून मोकळी होणारी ती बाई नव्हतीच. नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः यायची, कढत पाण्यानं हात धुऊन स्वतः तार फिरवायची. आईलाही हात लावू द्यायची नाही. म्हणायची, "मासळीच्या घरात मी कोनाच्या हातावर इस्वास ठेवत नाय, माज्या सुद्धा." त्यासाठी तिनं मासळीची पाटी सोडली. टोचायचं काम असलं की मासळीला शिवायची नाही, कोणी कालवण दिलं तरी तुला वाढायला सांगायची. आपण दोघी तिला सोवळी म्हणून चिडवायचो. लोक जे तांदूळ द्यायचे त्यावर तुमचं घर चालायचं, हे तेव्हा मला कळत होतं असं नाही.

एवढंच कळव की ती येईल का. मी बोईसरला गाडी घेऊन येईन. तिला चालू देणार नाही.

पुष्पलता

·

दांडी,
१९ डिसेंबर १९६५

चंद्रकांता,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सहा वर्षांनी एक ओळ, तीही उघड्या कार्डावर. "चौथ्या दिवशी तू काय केलंस?" पोस्टमननं वाचलं आणि माझ्या सासूच्या हातात दिलं. नशीब, तिला अक्षर येत नाही. मला विचारलं, "कोनाचं?" मी म्हटलं, माहेरचं.

काय केलं म्हणजे काय? मी कामावर होते. बोंबलाचा हंगाम होता, सगळी दांडी बांबूंवर बोंबील टांगत होती, मीही टांगत होते. शकू तीन महिन्यांची, घरात पाळण्यात. तुझी आई सकाळी तार फिरवून गेली आणि जाताना म्हणाली की वारल्यांच्या पाड्यावर एका पोरीचं नाक टोचायचं आहे, दुपारनंतर येते. आली ती दिवेलागणीला. हे खरं ना? नऊ दिवस बांधून घेतलेलं काम सोडून ती पाड्यावर गेली हे खरं ना? मग मलाच का विचारतेस?

पुढे जे झालं त्यात माझा एक शब्द नाही. कान सुजला तेव्हा सासूबाई म्हणाल्या की पाड्यावरच्या पोरांना टोचलेली सुई तिनं आमच्या पोरीला लावली. त्या म्हणाल्या, मी नाही. दहा बायका घेऊन त्या तुमच्या दारात गेल्या. मावशीचा सुयांचा डबा खाडीत टाकला तोही त्यांनीच. मी शकूला कडेवर घेऊन कुंपणाशी उभी होते. मी काही बोलले नाही.

तू तेव्हा माझ्याकडे बघून ओरडलीस, "पुष्पे, तू तरी सांग." मी काय सांगणार होते? शकूच्या अंगात ताप होता. मी त्या गर्दीत तापलेलं पोर घेऊन उभी होते, हे तुला दिसलं नाही?

रागानं लिहिलंय. दुसरा कागद नाही म्हणून हाच पाठवते.

पुष्पलता

·

दांडी,
३ जानेवारी १९६६

चंद्रे,

बोईसरचा सोनार संक्रांतीला घरी येणार आहे. सासूबाईंनी परस्पर निरोप धाडला. धोतराला सुई पुसणारा तोच. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुला कोन पायजे? पालघरचा नको, बोईसरचा नको. सरगातून येनार हाय कोनी?"

पण लिहायला बसले ते त्यानं नाही. काल दुपारी घरी आले तर धाकटी पाळण्यात नव्हती. हाका मारल्या, शेजारी बघितलं. शेवटी मागच्या पडवीत सापडली. शकूनं तिला मोठ्या टोपलीत ठेवलं होतं, डोक्याला कानांवरून फडकं गुंडाळलं होतं आणि स्वतः टोपलीसमोर पाय पसरून बसली होती. मी रागावले. तर म्हणते, "आजी म्हनली, टोचायला येनार. साखरबाई आली तर हिचे पन कान खाईल."

आमच्याकडे पोरं ऐकत नाहीत तेव्हा असं म्हणतात, चंद्रे. "गप बस, नायतर साखरबाई येईल." सगळी दांडी म्हणते. मीही म्हटलंय. तुझ्या आईचं नाव घेऊन मी शकूला जेवू घातलंय. हे तुला कळवायचं नव्हतं, पण आता लपवून काय करू?

त्या पोरीसमोर बसले तेव्हाच ठरवलं. आता तू विचारलंस त्याचं उत्तर देते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

चौथ्या दिवशी दुपारी शकू रडायला लागली. शेजारणीनं हाक मारली म्हणून मी बोंबील टाकून धावत घरी आले. कानातलं पाणी सुकून तार चिकटली होती, ती कान चोळत होती. मावशी सांगून गेली होती की काही झालं तरी हात लावू नको, मी येते. मी तिची वाट बघितली नाही. हात धुतले नाहीत. पदराला पुसले, आणि तो पदर सकाळपासून बोंबलाचं पाणी पीत होता. तार धरली. फिरेना म्हणून जोरानं ओढली. रक्त आलं. तेच पदराचं टोक कानाला दाबून धरलं. मग तिला पाजलं, ती झोपली आणि मी परत कामावर गेले. मला तर वाटलं, बरं झालं, मोकळी केली.

संध्याकाळी मावशी आली. तिनं कान बघितला, नाक जवळ नेऊन हुंगला आणि माझ्याकडे बघितलं. "कोनी फिरवली तार?" मी म्हटलं, "कोनी नाय." तिनं पुन्हा विचारलं नाही. गरम पाण्यानं कितीतरी वेळ कान पुसत बसली. सहाव्या दिवशी कान सुजला, नवव्या दिवशी पाळी काळी पडली. पालघरचा डॉक्टर म्हणाला, जीव वाचला हे नशीब समजा. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कानाला हात कोनी लावला?" मी म्हटलं, "मावशीनंच."

एवढंच. एक शब्द. बाकीचं लोकांनी केलं आणि मी करू दिलं. मागच्या पत्रात लिहिलं ना, माझा एक शब्द नाही म्हणून? तो हा शब्द.

महिनाभर मी टोचणाऱ्यांची नखं बघत हिंडले. कोणाची सुई चांगली, कोणाची तार चांगली. पालघरच्या त्या माणसात काहीच वाईट नव्हतं. "तार तुम्हीच फिरवा" म्हणाला म्हणून मी उठले. मला माझ्या हातांची भीती वाटते, चंद्रे. धाकटीला आंघोळ घालतानासुद्धा मी कानाजवळून हात काढून घेते.

माफ कर असं लिहीत नाही. मावशी येईल का ते सांग. संक्रांतीला अकरा दिवस आहेत.

पुष्पी

·

दांडी,
११ जानेवारी १९६६

चंद्रे,

तुझी चार पानं पोचली. तीन वेळा वाचली. दुसऱ्या वेळी वाचताना सासूबाई समोर होत्या, तरी रडू आवरलं नाही.

मावशीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी आजवर समजत होते की मी तिला फसवलं. ती तुला म्हणाली, "बोंबलाचा वास नाकाला कळत नाय असं होईल का? पन मी बोलले असते तर सासूनं तिला हाकलली असती. मांडीवर तसलं आजारी पोर. कुटं गेली असती ती?" आणि डबा खाडीत गेला तरी ती बोलली नाही. गाव सोडून तुझ्याकडे वाणगावला येऊन राहिली तरी बोलली नाही. तुलाही आत्ता सांगितलं, माझं पत्र वाचून दाखवल्यावर. चंद्रे, तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी कुठे तरी बसून त्या मोजल्या असत्या. हे मला झेपत नाही.

मग तू लिहितेस की ती टोचणार नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, "सुईत दोरा ओवता येत नाय, लोकाच्या लेकराचा कान काय ओवू?" म्हणाली. ज्यांना डोळे आहेत ते धोतराला सुई पुसतात आणि हिला डोळे नाहीत तर ही हात लावत नाही. तिच्या हाताखाली तीन वर्षं तयार झालेली जिवली आता टोचते, त्याच पाड्यावरची, वारल्यांची, आता तुमच्याजवळच राहते. मावशी शेजारी बसते. नऊ दिवस तसेच, तार आईनं फिरवायची नाही तेही तसंच.

आणि शेवटी तुझी अट. "आईनं माफ केलं असेल, मी नाही केलं. त्या दहा बायकांना आधी सांग, मग मुलगी घेऊन ये." तुझं बरोबर आहे.

आधी घरात सांगितलं. हे जाळं विणत होते, हात थांबला, मान वर केली नाही. सासूबाईंनी मात्र सगळं ऐकलं. मला वाटलं मारतील. म्हणाल्या, "सा वरसं मी तिला शिव्या घातल्या. त्या तू मला घालायला लावल्यास." मी पाया पडायला गेले तर पाय मागे घेतले. वाणगावला जायचं, जिवली टोचणार, हे सांगितल्यावर तर उठूनच उभ्या राहिल्या. "साखरबाईचं मी समजू शकते. पन ती वारलीण माज्या नातीला हात लावनार नाय." मी म्हटलं, "सोनार कोणाला टोचून येतो ते तुमी विचारता का?" त्यावर त्या बाहेर निघून गेल्या.

काल बोंबील टांगताना त्या बायकांना सांगितलं. दहातल्या दोघी आता नाहीत, आठ होत्या. सगळ्यांचे हात कामात होते, ते बरं झालं. मी सांगितलं, पदराचं, ओढल्याचं, खोटं बोलल्याचं. एक म्हणाली, "मग डबा कशाला टाकला गो खाडीत?" तिनंच टाकायला हात लावला होता. एक रडली, तिच्या पोराचा कान गेल्या वर्षी सोनाराकडे पिकला होता. बाकीच्या बोंबील टांगत राहिल्या. कोणी मला वाईट बोललं नाही आणि दुपारी भाकरी खायला कोणी शेजारी बसलंही नाही.

शकूला सांगणं राहिलं होतं, ते आज सकाळी केलं. वेणी घालता घालता सांगितलं, तिचं तोंड दिसू नये म्हणून. म्हटलं, तुझा कान साखरबाईनं नाही खाल्ला, माझ्या हातानं गेला. तिनं वेणी अर्धी सोडून डोकं काढून घेतलं आणि तशीच शाळेत गेली.

परवा येते. हे बोईसरपर्यंत सोडणार आहेत, तसं स्वतःहून म्हणाले. शकूलाही आणते. येणार नाही म्हणत होती, मग म्हणाली, "बाळाकडे कोन बघनार?"

पुष्पी

·

दांडी,
२३ जानेवारी १९६६

चंद्रे,

सुखरूप पोचलो. धाकटीचे दोन्ही कान कोरडे आहेत, तार सहज फिरते. आता ती शकूच फिरवते, हात धुऊन, जिवलीनं दाखवलं तसं. मला जवळ येऊ देत नाही. मी येत नाही.

नऊ दिवसांत तू मला जेवायला वाढलंस, धाकटीची फडकी धुतलीस आणि माझ्याशी बोललीस ते "मीठ घे" एवढंच. मी तक्रार करत नाही. स्टेशनवर आलीस हे माझ्यासाठी फार होतं.

तू पहिल्या दिवशी विहिरीवर होतीस तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं. शकू दारात उभी राहून मावशीला म्हणाली, "तू साखरबाई?" मावशीनं हो म्हटलं. शकू म्हणाली, "माजा कान तू नाय केलास. आयनं केला." मी कपाळाला हात लावला. मावशीनं तिला जवळ ओढलं, चाचपत तो कान धरला आणि म्हणाली, "आय धावत आली होती गो, तू रडत होतीस म्हनून. हात धुवायचा राह्यला तिचा." शकू तिच्या मांडीवर बसून राहिली. मग जिवली सुया उकळायला लागली तेव्हा तिच्यासमोर जाऊन बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही. एवढ्याशा सुईकडे इतकं टक लावून बघणारं पोर मी बघितलं नाही. जिवली तिला म्हणाली, "बघ, नीट बघ. माजं काय चुकलं तर सांग."

आता आज काय झालं ते. त्यासाठीच हे पत्र.

घरी आलो तर सासूबाई दारातच होत्या. धाकटीला घेतलं, दोन्ही कान उजेडात धरून बघितले. डोळे भरले त्यांचे, मी बघितलं. मग मला आत नेऊन हळूच म्हणाल्या, "बायका येतील बघायला. टोचलं साखरबाईनं, असंच सांग. मी वाणगावला जाते, तिच्या पाया पडते, तिला घरी आनते. तिचं घर शाकारून देते. पन त्या वारलीणीचं नाव दांडीत काडू नको. माजी तेवडी लाज राख."

चंद्रे, मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझी जुनी खोड. मी मनात म्हणत होते, मावशी घरी येईल. तिची पडवी, तिचं अंगण, सहा वर्षांनी. एवढंसं बोललं नाही तर कोणाचं काय जातं? जिवलीला कोण सांगायला जाणार आहे? मी स्वतःला समजावत होते की हे मावशीसाठी. खरं म्हणजे मला पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहायचं नव्हतं. एकदा झालं तेवढं पुरे असं वाटत होतं.

बायका आल्या. त्याच आठ, आणखी तीनचार. धाकटी हातोहात फिरली. कान बघून सगळ्या खूश. एकीनं विचारलं, "कोनी टोचलं गो?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "साखरबाईनं. अजून तोच हात हाय तिचा." सगळ्या बोलायला लागल्या. म्हटलं नव्हतं, तिच्यासारखं कोणी नाही, तिला आणा आता परत. ज्या बाईनं डबा टाकायला हात लावला होता ती पदरानं डोळे पुसत होती. मी गूळ वाटत होते. वाटत राहिले.

शकू धाकटीजवळ बसली होती. म्हणाली, "नाय. साखरबाईला दिसत नाय. जिवलीनं टोचलं. मी बगितलं."

सासूबाई म्हणाल्या, "पोर हाय, तिला काय कळतं."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. शकूही बघत होती. तिनं मला आधार दे म्हणून बघितलं नाही, चंद्रे. आई आता काय बोलते, एवढंच ती बघत होती. आमच्यात गेले बारा दिवस जे चाललंय ते सगळं तिच्या त्या बघण्यात होतं. ती खरं बोलली होती आणि मी जर गप्प राहिले असते तर ती खोटी ठरली असती, मावशी ठरली तशी, माझ्याच डोळ्यांसमोर, पुन्हा.

मी म्हटलं, "शकू खरं बोलते. पाड्यावरच्या जिवलीनं टोचलं. मावशी शेजारी होती. आणि सहा वर्षांपूर्वी मावशीची सुई पाड्यावरून बाटून आली असं या घरातून जे बोललं गेलं तेही खोटं होतं. ती घाण माझ्या पदराची होती."

सासूबाई धाकटीला माझ्या मांडीवर ठेवून उठून गेल्या. अजून बोलल्या नाहीत. मावशीला आणायला त्या जातील असं आता वाटत नाही, आणि ते माझ्यामुळे, हे तू तिला सांग. बायकांतल्या काही गूळ न घेताच गेल्या. एक मागे राहिली, तीच, जिच्या पोराचा कान पिकला होता. सून बाळंतीण आहे तिची. म्हणाली, "ती जिवली दांडीला येईल का? पन ती कोन हाय ते सांगायचं नाय."

मी म्हटलं, सांगूनच येईल.

हे पत्र मावशीला वाचून दाखव किंवा दाखवू नको, तुझी मर्जी. मला उत्तर लिही असंही म्हणत नाही. पण जिवलीला वाचून दाखव आणि तिला विचार, यायची तयारी आहे का. पुष्कळ जणी दार लावून घेतील हे तिला आधीच सांग, फसवून आणू नको. आली तर नऊ दिवस माझ्या घरी राहील. सासूबाईंनी चूल वेगळी करायला सांगितली तर मी वेगळी करीन. हे आत्ता जाळं घेऊन बाहेर बसलेत, त्यांना विचारलं, ते म्हणाले, "मग पडवी सारवून ठेव."

पुष्पी